धक्का नेमका कुठे बसतो

"कुठे काम करता?"

"हिचच्या दुकानात."

"हीच? हीच म्हणजे कुठली?"

बे एरियातल्या मराठी मंडळींशी माझी ओळख बहुतेक वेळा अशी सुरू व्हायची आणि इथेच संपायची. समोरचा माणूस चिप डिझाइन करणारा, नाहीतर कुठल्यातरी क्लाउडवर काहीतरी चढवणारा असायचा. ट्रकला ट्रेलर जोडायचं जे लोखंडी धूड असतं त्याला हिच म्हणतात आणि ते मी बसवतो, असं मी सांगायचो. तो "अरे वा, इंटरेस्टिंग" म्हणून बटाटेवड्यांच्या रांगेकडे वळायचा. माझी बायको सुषमा मला घरी येताना म्हणायची, "नुसतं मेकॅनिकल इंजिनियर आहे म्हणून सांगत जा ना." ते खोटं नव्हतं. नाशिकला मी टूलरूममध्ये इंजिनियरच होतो. पण इथे आल्यावर माझ्या डिप्लोम्याला कुणी विचारलं नाही. ज्याने विचारलं तो वॉल्ट, आणि त्याचं हिचचं दुकान होतं.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी यंदा फोन करून "अविनाशदादा, तुमची यशोगाथा हवी" म्हटलं, तेव्हा मी नाही म्हणालो. त्यांनी फारच गळ घातली म्हणून हे लिहितोय, पण यात यश नाही. नरकचतुर्दशीला आमची आई अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावायला द्यायची, मग फराळाला बसू द्यायची. अंकात त्या कडू थेंबाएवढी जागा मला द्या.

आधी धंदा काय ते सांगतो. साधा ट्रेलर ट्रकच्या मागे, बंपरखालच्या गोळ्यावर अडकवतात. फिफ्थ-व्हील ट्रेलर वेगळा. हे चाकावरचं घरच असतं, त्यात बिछाना, शेगडी, न्हाणी सगळं. त्याचं नाक उंच आणि पुढे आलेलं असतं, ते ट्रकच्या हौद्यावर येतं. नाकाखाली जाड पोलादी खुंटी असते, ती हौद्यातल्या हिचच्या जबड्यात अडकते. घराचं बरंचसं ओझं त्या खुंटीवरून ट्रकच्या पाठीवर येतं. म्हणूनच तो नीट चालतो, वाऱ्याने डोलत नाही. पण जबडा झिजला की खुंटी त्यात पुढेमागे खेळायला लागते. मग काँक्रीटच्या हायवेवर दर सांध्याला मागून धक्का बसतो. मागच्या सीटवरचं पोर तुमच्या पाठीला लाथा मारतंय, असं तासन्‌तास वाटत राहतं.

मग लोक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, हिच अपग्रेड करायचाय. एका जातीच्या हिचमध्ये रबराचे ठोकळे असतात, दुसऱ्या जातीत हवेची उशी असते. काही हिच हौद्यात बसतात, काही ट्रेलरच्या नाकाला. कुठला घ्यावा हे जाहिरात वाचून कळत नाही. ट्रकच्या पाठीवर किती ओझं येतंय, हौदा आखूड आहे की लांब, ट्रेलरची चौकट किती दणकट आहे, हे बघावं लागतं. आणि मुख्य म्हणजे धक्का नेमका कुठे बसतोय ते.

वॉल्टचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या ट्रकमध्ये बसून, ट्रेलर जोडून हायवेवर फेरी मारल्याशिवाय काहीही विकायचं नाही. एकदा एक गृहस्थ सगळ्यात भारी हवेचा हिच बाहेरून बसवून आले होते आणि तरी ट्रक उडतोय म्हणून आमच्यावर भडकले. वॉल्ट त्यांच्याबरोबर फेरी मारून आला, टायरमधली जास्तीची हवा सोडली आणि त्यांना घरी पाठवलं. दुसरे एक म्हातारे शेतकरी नवा हिच बसवून खूश होऊन गेले आणि काही दिवसांनी तोंड पाडून परत आले. मी विचारलं, धक्के बसतात का अजून? म्हणाले, "नाही रे. इतका मऊ चालतो की बायको बसल्या बसल्या झोपते. मला बोलायला कुणी उरलं नाही."

अशा गोष्टी खूप आहेत. त्यावर मी हसवणारा लेख लिहू शकलो असतो.

वॉल्ट थकला आणि त्याने दुकान विकलं. घेणारी कंपनी मोठी होती, तिची सगळीकडे दुकानं होती. आमच्या डोक्यावर ब्रायन नावाचा मॅनेजर आला. वयाने माझ्या मुलाएवढा. तो वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतं. पण त्याने आल्या आल्या फेऱ्या बंद केल्या. विम्यात बसत नाही म्हणाला. "एव्ही," तो मला एव्हीच म्हणायचा, "गिऱ्हाईक धक्का बसतो म्हणालं की प्रीमियम पॅकेज दाखव. डॉक्टर होऊ नकोस."

त्याच सुमारास दामले काकू दुकानात आल्या.

एवढा मोठा पिकअप ट्रक आमच्या आवारात एका फटक्यात मागे लावणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. खाली उतरल्या त्या बुटक्याशा, पांढऱ्या बॉबकटच्या, सलवार-कमीज आणि पायात स्पोर्ट्स शूज. माझ्या शर्टावरचं नाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "अविनाश म्हणजे आपलाच न रे तू? कुठला?"

"नाशिकचा."

"आम्ही नागपूरचे. हे बघ, मला विकायचं काही सांगू नको. हा धक्का कुठून येऊन राहिला, तेवढं सांग."

काकू भूलतज्ज्ञ होत्या, सनीव्हेलला राहायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सनीव्हेलच्या गल्लीत एवढा ट्रेलर कोण उभा करू देणार? म्हणून तो आमचं दुकान होतं त्या ट्रेसी गावाजवळच्या एका स्टोरेज यार्डात ठेवलेला. शेजारच्या सीटवर काका बसले होते. शरद दामले, सिव्हिल इंजिनियर. सडपातळ, गोरे, अंगावर उकाड्यातही स्वेटर. सीटबेल्ट पोटापासून हाताने लांब धरून बसले होते.

काकांच्या किडन्या गेलेल्या होत्या. त्यांचं डायलिसिस मशीनवर रक्त फिरवणारं नव्हतं, पोटातलं होतं. पोटात एक नळी कायमची बसवलेली. तिच्यातून औषधी पाणी आत भरायचं, काही तास ठेवायचं, काढून टाकायचं, रोज. ते घरी करता येतं, फक्त जागा अगदी स्वच्छ लागते. नळीतून जंतू आत गेला की संपलं. म्हणून विमान, हॉटेल सगळं बंद. काकूंनी त्यावर ट्रेलरचा उपाय काढला होता. आतला एक कोपरा त्यांनी ऑपरेशन थिएटरसारखा करून टाकला होता. तिथे चप्पल नाही, पंखा नाही, खिडकी उघडायची नाही.

"मुलगा जर्सी सिटीहून ओरडून राहिला, आई, आर यू क्रेझी म्हणून," काकू म्हणाल्या. "म्हटलं बाप्पा, तू नोकरी कर आपली."

आणि हे सगळं एका पुलासाठी होतं. काका अमेरिकेत आले तेव्हा पहिली नोकरी त्यांना मोंटानात मिळाली होती, एका नदीवरच्या पुलाच्या कामावर. पूल पुरा होण्याआधीच त्यांची बदली झाली. त्यावरून गाडी गेलेली त्यांनी कधी पाहिलीच नाही.

"पुलाचे सांधे माझ्याकडे होते," काका हळू आवाजात म्हणाले. "एक्स्पान्शन जॉइंट्स. जन्मभर तेच केलं. आता प्रत्येक सांधा माझ्या पोटात मोजून बसतो."

ब्रायन जेवायला गेला होता. मी ट्रकमध्ये बसलो.

काकूंनी यार्डातून ट्रेलर जोडला आणि आम्ही हायवेला लागलो. सांधे सुरू झाल्याबरोबर मागून लाथा बसायला लागल्या. दर धक्क्याला काकांचे ओठ आवळले जात. काकू एका हाताने स्टिअरिंग धरून मला सांगत होत्या, "बघ, खड्ड्यात नाही बसत एवढा. सपाट रस्त्यावर जास्त. आणि ब्रेक लावला की दोनदा बसतो. एकदा पुढून, एकदा मागून."

निम्मं निदान त्यांनीच करून टाकलं होतं. ब्रेकला दोनदा म्हणजे जबडा झिजलेला. पण धक्का होता त्याहून जड वाटत होता. परत आल्यावर मी ट्रेलरच्या नाकाखालचा कप्पा उघडला. डायलिसिसच्या पाण्याची खोकी छतापर्यंत रचलेली. पाणी ते, जड असणारच. सगळं ओझं अगदी खुंटीच्या मागे बसलं होतं आणि प्रत्येक सांध्याला घणासारखं आपटत होतं.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "जागा रिकामी दिसली म्हणून तिथे कोंबले. माझंच डोकं."

"काकू, सगळे तिथेच कोंबतात," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून खोकी चाकांच्या वर, सोफ्याखाली नेऊन ठेवली. काका खुर्चीवर बसून कुठलं खोकं कुठे जावं ते सांगत होते, आणि बरोबर सांगत होते. पुन्हा फेरी मारली. निम्मा धक्का गेला. काकांनी सीटबेल्ट सोडून दिला, म्हणजे पोटावर सैल पडू दिला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वसुधा, हे चालेल."

"चालेल नाही, पुरतं झालं पाहिजे," काकू म्हणाल्या.

मी त्यांना माझं मत सांगितलं. त्यांचा ट्रक आखूड हौद्याचा आणि ट्रेलरची चौकट हलकी. अशा ट्रेलरच्या नाकाला काही लावायचं नाही. जुना हिच काढून हौद्यातच हवेच्या उशीचा हिच बसवायचा. तो स्टॉकमध्ये नव्हता, मागवावा लागणार होता. "थांबा तेवढं," मी म्हटलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. मोंटानात बर्फ लवकर सुरू होतो, आणि काकांची तब्येत कुणासाठी थांबणारी नव्हती. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तू म्हणतोस तर थांबतो."

मी ऑर्डर टाकली. ब्रायनला सांगितलं, हौद्यातला हिच तसाच ठेवून ट्रेलरच्या नाकाला लावायचा लांब मानेचा हिच यांना द्यायचा नाही. तसे दोन आपल्या शेल्फवर कधीचे पडून होते, म्हणून मुद्दाम सांगितलं. तो फोनमध्ये बघत "शुअर, शुअर" म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मला ज्यूरी ड्यूटी लागली, म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसायचं. या देशाचा नागरिक झालो तेव्हापासूनची ती पहिलीच. सुषमाने शर्ट इस्त्री करून दिला. काउंटी कोर्टात बाकावर बसून मी कुणाच्या तरी चोरलेल्या कॉम्प्रेसरबद्दल साक्षी ऐकत होतो. फोन बंद. मला खरं सांगायचं तर अभिमान वाटत होता.

कोर्ट संपवून मी दुकानात परत गेलो, तर शेल्फवरचा एक लांब मानेचा हिच नव्हता. मागवलेला हिच अजून आलाच नव्हता. मला विचारायचीही गरज वाटली नाही, पण मी विचारलं.

"ती डॉक्टर लेडी," ब्रायन म्हणाला. "डिलिव्हरी पुढे गेली. त्यांना घाई होती. मी फोन केला, म्हटलं याच्यातही हवाच आहे, उलट नवीन मॉडेल आहे. खूश होऊन गेल्या."

"मी नको म्हणालो होतो."

"एव्ही, आकड्यात बसतं सगळं. मी चेक केलं."

आकड्यात बसत होतं. बोल्ट निघत नसला की आपण पान्याच्या दांड्यात पाइप घालून तो लांब करतो, मग त्याच जोराला बोल्ट तुटतो. लांब मान म्हणजे तो पाइप. तेवढंच ओझं, पण चौकटीच्या जोडावर कितीतरी जास्त पीळ. त्या ट्रेलरच्या बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेलं होतं की असला प्रकार लावू नका. ब्रायनने हिचचा आकडा बघितला होता, ट्रेलर बघितला नव्हता.

मी बाहेर आवारात जाऊन काकूंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मोंटानाच्या वाटेवर नेवाडा लागतं, तिथे मैलोन्‌मैल रेंज नसते. मी गिऱ्हाइकांना सोडून लावतच राहिलो. जेवायच्या सुट्टीत फोन लागला.

"अविनाश! अरे, काय मऊ चालून राहिला म्हणून सांगू! काका काल चक्क झोपले गाडीत."

"काकू, कुठे आहात?"

"विनेमका सोडलं. रेस्ट एरियात थांबलो. का रे?"

"ट्रेलरमधून काही आवाज येतो का?"

त्या म्हणाल्या, "सकाळपासून येऊन राहिला. कसा सांगू, लाकूड मोडल्यासारखा. मला वाटलं कपाट असेल."

"ट्रेलरच्या नाकापाशी जा. नाक जिथे मागच्या भिंतीला मिळतं, तिथे खाली बघा. फट दिसते का?"

फोनमध्ये वारा ऐकू येत होता, आणि बाजूने जाणारे मोठे ट्रक. काका मागून काहीतरी विचारत होते. मग काकूंचा आवाज आला, पण तो दुकानात आलेल्या काकूंचा नव्हता.

"बोट जातं रे आत."

"काकू, आता एक फूटसुद्धा पुढे जायचं नाही."

"पण काकांचं दुपारचं..."

"ते तिथेच, ट्रेलर उभा ठेवून करा. पण हलवायचं नाही. जोड सुटत आलाय. उतारावर सुटला तर घर तुमच्या पाठीवर येईल."

त्यांनी ऐकलं. टो कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने चौकटीखाली वाकून पाहिलं आणि काकूंना म्हणाला, मॅम, तुम्ही पुढच्या घाटात मेला असता. हे काकूंनीच मला सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

ट्रेलर टो कंपनीच्या यार्डात गेला. त्याच्यात राहायला परवानगी नव्हती. जवळचं मोटेल हायवेच्या कडेला होतं. काकूंनी ती खोली स्वतः पुसून काढली, एसीच्या तोंडाला चादर लावली, टेबल स्पिरिटने धुतलं. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई ती, तिच्याकडून काही राहिलं असेल असं मी कधीच मानणार नाही. पण जुन्या गालिच्याची खोली ती जुन्या गालिच्याचीच. मुलाने घरी परत या म्हणून विमानाची व्यवस्था बघायला घेतली, काकू ट्रेलर दुरुस्त होईल का ते बघत होत्या. तेवढ्यात काकांना थंडी वाजून ताप आला आणि पोटातून काढलेलं पाणी गढूळ निघालं. काकूंना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही.

त्यांना रीनोच्या हॉस्पिटलात नेलं. पोटातली नळी काढावी लागली. इन्फेक्शन आवरलं, पण त्यानंतर पोटातलं डायलिसिस त्यांना पुन्हा करता आलं नाही. सनीव्हेलला आल्यावर आठवड्यातून तीनदा सेंटरवर जाऊन मशीनला जोडून घ्यायचं. मोंटाना हा शब्द घरात कुणी काढला नाही. हिवाळ्यात काका गेले.

दरम्यान माझ्याकडे मुख्य ऑफिसातून फोन आला. बाई गोड बोलत होत्या.

"तुम्ही गिऱ्हाइकाला फोन करून ट्रेलर हलवू नका म्हणालात?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे आमचं प्रॉडक्ट असुरक्षित आहे, असं तुम्ही आमच्या वतीने सांगितलंत."

मी म्हटलं, "बाई, ट्रेलरच्या फटीत बोट जात होतं." त्या म्हणाल्या, तो मुद्दा वेगळा.

थोड्याच दिवसांत आमच्या शाखेला सीनियर टेक्निशियनची गरज उरली नाही. ब्रायनने मला आत बोलावून सांगितलं. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, "सॉरी, एव्ही. माझ्या हातात नाही." मी त्याला विचारलं, "तू त्या डॉक्टरबाईंना फोनवर माझं नाव सांगितलं होतंस का? मी सांगितलंय म्हणून?" तो पेन उघडत-मिटत राहिला.

काकूंच्या मुलाने वकील गाठला होता. हिचवाले म्हणाले ट्रेलरची चौकट कच्ची. ट्रेलरवाले म्हणाले हिच चुकीचा. विमावाले म्हणाले, सामान फार भरलेलं असणार. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि ट्रेलरचं काय ते मिळवून देतो म्हणाला. पण आजारी, वयस्कर माणसाच्या पोटातलं इन्फेक्शन आणि ट्रकचा हिच यांचा संबंध कोर्टात कसा जोडणार? मुलगा म्हणाला, "आई, लेट इट गो." मी त्याला दोष देत नाही. तो तिकडे लांब होता, त्याला आई हवी होती, भांडण नको होतं.

मंडळातही चर्चा झाली. गणपतीला प्रसादाच्या रांगेत मी स्वतःच्या कानांनी ऐकली. "या वयात ट्रेलर कशाला हवा होता?" "आणि तेही डायलिसिसवर!" "काकूंचा हट्ट हो." त्यात एक जण मला ओळखणारा निघाला. म्हणाला, "तुमच्याच दुकानाचा ना तो पार्ट?" मी "हो" म्हटलं. दुकानात मी आता नाही, हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तो मोदक घेऊन पुढे गेला होता.

काकूंनी मला बोलावलं ते बऱ्याच महिन्यांनी. ट्रक विकायचा होता. घेणाऱ्याला हौद्यातला जुना हिच नको होता, काढून द्यायला कुणी ओळखीचं आहे का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, मी येतो.

सनीव्हेलचं ते जुनं, बसकं घर. ड्राइव्हवेत ट्रक उभा. मी हिचचे भाग सुटे केले. डोकं वेगळं, पाय वेगळे, म्हणजे एकट्याला उतरवता येतं. दोन बोल्ट गंजून धरले होते, त्यांना वेळ लागला. काकू पायरीवर बसून होत्या. बारीक झाल्या होत्या, पण शूज तेच. मधेच आत जाऊन चहा घेऊन आल्या. माझे हात ग्रीसने भरलेले, म्हणून कप कठड्यावर ठेवला आणि हात पुसायला जुना टॉवेल दिला.

मी चहा पीत असताना त्यांनी विचारलं, "अविनाश, तू मागवला होतास तो हिच बसवला असता, तर आम्ही पोचलो असतो का रे?"

मी टॉवेलने पुन्हा बोटं पुसली.

"सगळे मला एकच सांगून राहिले," त्या म्हणाल्या. "मुलगा, डॉक्टर, शेजारी. काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं म्हणतात. मी स्वतः जन्मभर पेशंटच्या लोकांना हेच सांगत आले. बाहेर येऊन, मास्क खाली करून. म्हणून मला माहीत आहे ते कधी सांगतात. तू त्या ट्रकमध्ये बसला होतास. तू सांग."

माझ्या डोळ्यांसमोर काकांचा पोटावर सैल पडलेला सीटबेल्ट होता. हौद्यातला हिच, मागे चाकांवर नेलेली खोकी, आणि ज्या रीतीने काकू ट्रक चालवायच्या ती रीत. चौकट टिकली असती. मला त्यात शंका नव्हती, आजही नाही.

"हो काकू," मी म्हटलं. "पोचला असता."

त्यांनी मान हलवली. ट्रकच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातला कप घेतला, तो रिकामा आहे का ते वाकवून पाहिलं आणि आत निघून गेल्या.

मी हिच माझ्या गाडीत चढवला. त्या बाहेर येतील म्हणून जरा थांबलो. आत नळाखाली कप धुतल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी आवाज न करता गाडी मागे घेतली.